बाक आणि बँक

मराठी शिकवणाऱ्या माणसाचा घरात फारसा उपयोग नसतो. नळ गळू लागला तर प्लंबरला बोलवावे लागते, ताप आला तर डॉक्टरला, आणि मुलीचे गणित अडले तर शेजारच्या इंजिनिअरला. मी घरातच असतो. पण माझी आठवण होते ती हळदीकुंकवाच्या आमंत्रणात ‘सस्नेह’ लिहायचे की ‘सप्रेम’ एवढ्यापुरती. त्यामुळे गेल्या श्रावणात सातवीतली माझी मुलगी इंग्रजीचे पुस्तक घेऊन माझ्याच खुर्चीपुढे येऊन उभी राहिली, तेव्हा मला मनातून फार बरे वाटले.

“बाबा, नदीच्या काठाला इंग्रजीत बँक म्हणतात. आणि आपण पैसे ठेवतो तीही बँकच. असं कसं?”

आम्ही राहतो सांगलीत. इथे कृष्णेचा काठ आणि पैशांची बँक यांत अंतर थोडे. २००५ साली आणि पुन्हा २०१९ साली कृष्णा आपला काठ सोडून बाजारपेठेत शिरली होती, तेव्हा तर तेवढेही उरले नव्हते. पण हे काही मुलीच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

“उद्या सांगतो,” मी म्हटले. कुठल्याही प्रश्नाचे उत्तर त्याच दिवशी देऊ नये, असा आमच्या धंद्याचा दंडक आहे. विद्यार्थ्याला वाटते सर विचार करताहेत. आणि सरांना तेवढ्यात कोश उघडायला सवड मिळते.

त्या रात्री मी कोश उघडून बसलो. खरे सांगायचे तर बँक या शब्दाकडे मी आजवर कधी नीट पाहिलेच नव्हते. काही इंग्रजी शब्द आपल्या घरात इतके रुळले आहेत, की त्यांना पाहुणे म्हणायची आता सोय नाही. बिल, चेक, पासबुक, कंपनी, एजंट ही सारी त्यातलीच मंडळी. बँकेने तर आपले स्त्रीलिंग घेतले, आपल्या विभक्ती घेतल्या. माझी आजी ‘ब्यांकेत जाऊन येते’ असे म्हणायची, ते ‘देवळात जाऊन येते’ म्हणावे तितक्याच सहज. देवळात जाताना ती वहाणा बाहेर काढी, तशी सुरुवाती-सुरुवातीला बँकेच्या दारातही काढत असे म्हणतात.

कोशाने सांगितले ते असे. फार पूर्वी जर्मन कुळातल्या भाषांत या शब्दाचा अर्थ नुसता ‘उंचवटा’ असा होता. पाण्याच्या कडेचा उंचवटा तो नदीचा काठ. बसण्यासाठी केलेला लाकडी उंचवटा तो बाक. इंग्रजीतला ‘बेंच’ तो हाच. त्या कुळातला हा शब्द इटलीत गेला आणि तिथे ‘बांका’ किंवा ‘बांको’ झाला. मध्ययुगात इटलीतल्या प्रत्येक शहराचे नाणे निराळे. व्यापारी गावोगावचा माल घेऊन येत आणि गावोगावची नाणीही. ही नाणी पारखून, तोलून बदलून देणारे लोक भर बाजारात एक बाक टाकून बसत. नाणी बदलता बदलता ते ठेवी घेऊ लागले, कर्जे देऊ लागले, परगावच्या माणसाला चिठ्ठी लिहून पैसे चुकते करू लागले. धंदा वाढला, इमारती झाल्या. नाव मात्र त्या बाकाचेच राहिले. सिएना गावात १४७२ साली सुरू झालेली बँक आजही चालू आहे. इटलीतून हा शब्द फ्रेंचांकडे गेला, तिथून इंग्रजांकडे, आणि इंग्रजांनी तो आपल्या कपाळी आणला.

गंमत म्हणजे त्याचा एक भाऊ त्याच्या आधीच आपल्याकडे येऊन बसला होता. पोर्तुगीजांच्या भाषेतही बाकाला ‘बांको’च म्हणतात. त्यांच्याबरोबर तो गोव्यात उतरला आणि कोकणीत ‘बांक’ झाला. आपल्या शाळेतला ‘बाक’ही त्याच गोताचा मानतात. पगार आणि लिलाव हे शब्दही आपल्याला पोर्तुगीजांनीच दिले. म्हणजे लहानपणी गुरुजी मला ज्याच्यावर उभे करीत तो बाक, आणि आता ज्यासाठी मी रांगेत उभा राहतो ती बँक, ही सख्खी नसली तरी चुलत भावंडे. दोन्हीकडे माझ्या वाट्याला उभे राहणेच आले, हा माझ्या नशिबाचा भाग.

इथवर आल्यावर खरे तर कोश मिटायचा. पण मन एकदा शब्दामागे धावू लागले, की त्याला आवरणे कठीण. मला आपली ‘पेढी’ आठवली. बँक येण्यापूर्वी आपल्याकडे पेढ्याच होत्या. हुंड्या चालत त्या पेढ्यांवरच. आणि पेढी हा शब्द आला संस्कृतातल्या पीठापासून. दळणाचे पीठ नव्हे हो! पीठ म्हणजे आसन, बसायची जागा. सावकाराची ती ‘गादी’, तीही बसायचीच. ग्रीक लोक आजही बँकेला ‘त्रापेझा’ म्हणतात, त्याचा मूळ अर्थ मेज. आणि आमच्या सांगलीत सोन्याचांदीची पेठ आहे, तिचे नाव सराफ कट्टा. इतकी वर्षे मी त्या कट्ट्यावरून ये-जा करतो आहे. पण कट्टा म्हणजे बसायचा ओटा, हे त्या रात्रीपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

म्हणजे पाहा, इटलीतला माणूस, ग्रीसमधला माणूस आणि सांगलीतला माणूस यांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट केली. पैशाच्या घराला नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी सोन्याचे, नाण्याचे किंवा तिजोरीचे नाव दिले नाही. माणूस जिथे बसतो त्या जागेचे दिले. पैसा फिरता असतो, तो कुणाच्या हाती थांबत नाही. तेव्हा ज्याच्या हाती तो सोपवायचा, त्याने तरी जागेवर असावे, उद्या गेलो तर तिथेच बसलेला सापडावा, एवढीच लोकांची मागणी असली पाहिजे.

आणि तो सापडला नाही तर? त्यालाही शब्द आहेत. इंग्रजीतला ‘बँकरप्ट’ हा इटलीतल्या ‘बांका रोत्ता’वरून आला. बांका रोत्ता म्हणजे मोडका बाक. देणी बुडवणाऱ्या सराफाचा बाक लोक भर बाजारात मोडून टाकीत, अशी दंतकथाही सांगतात. आपल्याकडचा शब्द ‘दिवाळे’. त्याचे नाते दिव्याशी जोडतात. व्यापारी बुडाला, की तो भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवी. दिवसा दिवा दिसला की घेणेकरी समजत. १८८६ साली निघालेल्या ‘हॉबसन-जॉबसन’ या प्रसिद्ध कोशातही हा रिवाज नोंदलेला आहे. वर्षातून एकदा ज्या दिव्याने वहीपूजन व्हायचे, तोच दिवा अवेळी लागला की दिवाळे! तिकडे बाक मोडत, इकडे दिवा लावत; पण दोन्हीकडे गोष्ट झाकून ठेवायची सोय नव्हती. गेलेली पत चारचौघांत सांगावी लागे.

आमच्या या भागाला या शब्दाचे जरा अधिकच प्रेम. सांगली हे संस्थान असतानाच, १९१६ साली, इथे सांगली बँक निघाली. साताऱ्यात १९३६ साली युनायटेड वेस्टर्न बँक निघाली. तिने १९५६ साली सातारा स्वदेशी कमर्शियल बँकही आपल्यात सामावून घेतली. गावच्या माणसांनी गावात काढलेल्या या बँका. ‘स्वदेशी’ आणि ‘कमर्शियल’ हे दोन शब्द एका पाटीवर शेजारी बसवणाऱ्या त्या मंडळींचे मला भाषेच्या दृष्टीनेही कौतुक वाटते. पुढे २००६ साली साताऱ्याची बँक आयडीबीआयमध्ये विलीन झाली आणि २००७ साली सांगलीची आयसीआयसीआयमध्ये. ठेवी गेल्या नाहीत, पाट्या गेल्या. माझी आई अजूनही साताऱ्यात रिक्षावाल्याला जुन्याच नावाने पत्ता सांगते, आणि रिक्षावाला जुना असला तर पोचतेही.

आता मी ज्यासाठी हे सारे लिहायला बसलो ते सांगतो. कोशातल्या त्या पानावर मला माझे वडील दिसले.

अण्णा साताऱ्यात एका बँकेत कारकून होते. पस्तीस वर्षे त्यांनी एकाच प्रकारच्या खिडकीमागे बसून काढली आणि २००३ साली ते निवृत्त झाले. आमच्या आळीत त्यांना मान होता, तो बँकेतल्या माणसाला असतो तो. कुणाला फॉर्म भरून हवा असे, कुणाला व्याजाचा हिशेब. संध्याकाळी ते आमच्या ओसरीवर बसत आणि लोक पायरीवर टेकत.

शेजारी इंदूमावशी राहायच्या. नात्याने कुणी नव्हेत. पण आईची जिवाची मैत्रीण, म्हणून आम्हाला मावशी आणि अण्णा त्यांचे भावोजी. यजमान वारल्यावर त्यांचे जे काही आले, त्यातले चाळीस हजार रुपये त्यांना कुठेतरी ठेवायचे होते. आळीच्या तोंडाशी एक पतसंस्था नव्याने निघाली होती. गुळगुळीत फरशी, नवे पंखे, भिंतीवर लक्ष्मीचे कॅलेंडर आणि व्याज बँकेपेक्षा चांगले तीन टक्के जास्त. एके संध्याकाळी मावशी पायरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, “भावोजी, ती बँकच ना?”

अण्णा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान वर न करता सांगितले, “बँकच समजा.”

मी तिथेच होतो. ते दोन शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. तेव्हा मला त्यांत काहीच वावगे वाटले नाही. भाषेच्या एम.ए.लाही नाही!

‘बँक’ हा शब्द कुणालाही आपल्या पाटीवर लावता येत नाही, हे किती जणांना ठाऊक असते? १९४९ च्या बँकिंग कायद्यात तसे स्पष्ट कलम आहे. एखाद्या शब्दावर सरकारने असा पहारा बसवावा, याचा मराठीच्या प्राध्यापकाला हेवाच वाटेल. आणि त्या पहाऱ्याला कारण आहे. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली. त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून बँकेतल्या ठेवींना विम्याचे संरक्षण आले. तेव्हा ते माणशी दीड हजार रुपयांपर्यंत होते. १९९३ पासून एक लाख झाले आणि २०२० पासून पाच लाख आहे. पतसंस्थेला हा विमा नाही. चोख कारभार करणाऱ्या पतसंस्था पुष्कळ आहेत. पण त्यांतली एखादी बुडालीच, तर मागे उभे राहायला कुणी नसते. अण्णांनी आयुष्यभर बँकेत नोकरी केली होती. त्यांना हे माझ्याहून चांगले माहीत होते. त्या संध्याकाळी त्यांचे लक्ष वर्तमानपत्रात होते, इतकेच.

२००८ च्या दिवाळीनंतर त्या पतसंस्थेचे दार एक दिवस उघडले नाही. मग सगळे रीतसर झाले. लोक दारापुढे जमले, अवसायक नेमला गेला, अर्ज भरले गेले, पावत्यांच्या झेरॉक्स दिल्या गेल्या. मावशींच्या हाती काही आले नाही. ‘बँक’ आणि ‘बँकच समजा’ यांत फरक किती, असे कुणी मला विचारले, तर मी रुपयांत सांगू शकतो. चाळीस हजार.

मावशींनी अण्णांना एका शब्दाने बोल लावला नाही. संध्याकाळी त्या पायरीवर यायच्या थांबल्या, एवढेच.

जानेवारीच्या पहिल्या तारखेला अण्णा पेन्शन घेऊन आले, पाकिटात पाचशे रुपये घातले आणि शेजारी देऊन आले. पुढच्या पहिल्या तारखेलाही दिले. तिसऱ्या महिन्यात मला कळले आणि मी भडकलो. मी तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवत होतो. महिन्याच्या तासांचा हिशेब केला तर पाचशे रुपये म्हणजे माझ्या कितीतरी व्याख्यानांचे मोल होत होते.

“तुम्ही जामीन होता का?” मी विचारले. “संचालक होता का? कायद्याने तुमचा यात काय संबंध?”

“कायद्याने काही नाही,” अण्णा म्हणाले.

“मग?”

“तिनं विचारलं तेव्हा तिथं मी बसलो होतो ना.”

मला हे उत्तर अगदीच अडाणीपणाचे वाटले. मी तसे बोलूनही दाखवले. आईने मध्ये पडून विषय बदलला. ती कुणाच्या बाजूची होती ते मला कळले नाही. त्या वर्षी दिवाळीला आमच्याकडे अनारसे झाले नाहीत. “तूप फार महागलंय,” आई म्हणाली. तूप दरवर्षीच महागत होते.

ऑगस्ट २०१३ मध्ये अण्णांनी छप्पन्नावे पाकीट दिले आणि महिना सरायच्या आत ते गेले. तोवर मी सांगलीच्या कॉलेजात कायम झालो होतो. दिवसकार्य आटोपून मी परत निघालो, तर आईने माझ्या हाती एक पाकीट ठेवले.

“पहिली तारीख कधीच होऊन गेली,” ती म्हणाली. “अजून चोवीस राहिलेत.”

मी काही बोललो नाही. शेजारी गेलो. मावशी आपल्या दारातल्या ओट्यावर गहू निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला सारले, ओटा हाताने झाडला आणि म्हणाल्या, “बस.” मी पाकीट दिले. त्यांनी ते मोजले नाही. आत जाऊन शंभर पानी वही आणली आणि तीत तारीख घालून लिहिले, ‘भावोजींकडून ५००’. माझे नाव लिहिले नाही.

“आता राहू दे रे,” त्या म्हणाल्या. “तुला संसार आहे.”

“मावशी, चोवीस राहिलेत.”

“तेवीस,” त्या म्हणाल्या. “हा धरून तेवीस. मी मोजते ना.”

मग दोन वर्षे मी महिन्यातून एकदा सांगलीहून एस.टी.ने साताऱ्याला जात राहिलो. कऱ्हाड आले की चहा घ्यायचा, सातारा आले की आईकडे जेवायचे आणि संध्याकाळी मावशींच्या ओट्यावर अर्धा तास बसायचे. पैसे देण्याला क्षणभर लागे. उरलेल्या वेळात मावशी अण्णांच्या गोष्टी सांगत, ज्या मला ठाऊक नव्हत्या. ते तरुणपणी नाटकात काम करीत, हे मला त्या ओट्यावर कळले. शेवटचे पाकीट दिले, तेव्हा मावशींनी वही मिटून माझ्यापुढे धरली. मी ती घेतली नाही.

“पुढच्या महिन्यात येशील ना?” त्या म्हणाल्या. “आता देण्याघेण्याचं काही नाही, म्हणून विचारते.”

“येईन की,” मी म्हटले, आणि गेलो नाही. पेपर तपासायचे होते. त्याच्या पुढच्या महिन्यातही काहीतरी होते. दिवाळीला गेलो तेव्हा आई अनारसे तळता तळता म्हणाली, “हप्ते संपले ते वाईटच झालं. त्या निमित्तानं महिन्याला तोंड तरी दिसत होतं तुझं.” ते पाकीट तिने माझ्या हाती का ठेवले, याचा मी आजवर एकच अर्थ लावला होता.

कोशातल्या त्या पानावर ‘बाक’ हा अर्थ वाचताना मला अण्णांचे ते अडाणी उत्तर आठवले. चार भाषांचे कोश चाळून मी जिथे पोचलो, तिथे ते एकही कोश न उघडता ओसरीवर बसून होते. मी त्यांच्याशी भांडलो होतो. आणि ते चुकले म्हणून मला आता सांगायला ते नाहीत, की मी चुकलो म्हणून त्यांना सांगायला मला सवड उरली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला उत्तर दिले. अण्णांचे काही सांगितले नाही. फक्त उंचवटा, काठ, बाक आणि कट्टा एवढेच सांगितले. तिने ते वहीत लिहून घेतले आणि मग थोडा वेळ पेन्सिल चावत राहिली.

“पण बाबा, आता तर कुणीच बसलेलं नसतं. सगळं फोनवरच असतं.”

हा प्रश्न कठीण होता. ‘उद्या सांगतो’ म्हणायची माझी हिंमत झाली नाही. संध्याकाळी आम्ही दोघे मंडईत गेलो. भाजीवाल्या आजींनी टोमॅटोच्या पाटीला टेकवून तो काळ्यापांढऱ्या चौकोनांचा पुठ्ठा उभा केला होता. मुलीने माझ्या फोनवरून पैसे दिले. आजींच्या डब्यातून पैसे मिळाल्याची आरोळी आली. आजी मात्र त्या पुठ्ठ्यामागे, एका उपड्या लाकडी खोक्यावर बसलेल्या होत्या.

“आहे की बसलेलं,” मी म्हटले.

मुलीला ते पटले की नाही, कोण जाणे. तिने वहीत काय लिहिले ते मी पाहिले नाही.

इंदूमावशी आता ऐंशीच्या पुढे आहेत. संध्याकाळी त्या अजून ओट्यावर येऊन बसतात, असे आई फोनवर सांगते. या दिवाळीत मी मुलीला घेऊन साताऱ्याला जाणार आहे. पाकीट न्यायचे नाही. आईचे अनारसे घेऊन शेजारी जायचे आणि त्या ओटा झाडतील तिथे बसायचे. शंभर पानी वहीत शेवटची काही पाने अजून कोरी असतील. मुलीला ती वही वाचायला द्या, असे मी मावशींना सांगणार आहे.